परतीचा पाइप

घाटाखालच्या एका गावात हिंदुराव नावाचा एक मिस्त्री होता. "माझ्या हातची गाडी वाटेत बंद पडत नाही!" असं तो छाती ठोकून सांगायचा आणि लगेच स्वतःच डोळा मारायचा, "अहो, काही तर गॅरेजातनंच हलत नाहीत!" माणूस हुशार, पण बुडाखाली जणू निखारा. चहा अर्धा टाकायचा, विडी अर्धी टाकायचा, समोरच्याचं बोलणंही अर्धंच ऐकायचा. हसू नका, तुमच्या घरातही असा एक असेलच.

गावचा रिवाज असा, की जत्रेदिवशी जी जीप घाट पहिली चढेल, तिनंच वर्षभर घाटात वडाप करायचं, म्हणजे भाडं घेऊन माणसं वाहायची. हिंदुरावाची थोरली बहीण गोदाक्का जीप चालवायची. तिची चूल त्या वडापावरच पेटायची. औंदा हिंदुरावानं तिच्या जीपला मोठं इंजिन बसवलं, टाकीही नवी केली. इंजिनाला लागून उरलेलं डिझेल टाकीत परत येतं. त्याचा पाइप त्यानं घाईघाईत टाकीच्या वरनंच सोडला, तोही डिझेल ओढणाऱ्या पाइपाच्या अगदी तोंडाशी. म्हणे, "परतच यायचंय ना? कुठनंही येईल!"

जत्रेच्या आदल्या दिवशी चाचणीसाठी जीप चढाला लागली आणि दुसऱ्याच वळणावर उचक्या देत थांबली.

"हिंद्या, टाकीत फेस..." गोदाक्का टाकीत डोकावून म्हणाली.

"फेस तुझ्या कानात!" त्यानं फिल्टर बदलला. जीप पुन्हा थांबली.

"अरे, टाकीत..."

"गप गं, अक्का!" त्यानं पंप खोलला, परत बसवला. फिल्टर विकणाऱ्याला शिव्या घातल्या. घाण्याच्या बैलासारखा जीपभोवती फिरत राहिला. जीप काही हलेना.

शेवटी अक्कानं इंजिन चालू ठेवलं आणि भावाची मान धरून टाकीच्या तोंडाशी नेली. परतीचं गरम डिझेल वरनं धबाधबा पडत होतं. फेस उठत होता. शेजारचा पाइप तोच फेस ओढत होता. हवा पिऊन इंजिन उचक्या देणार नाही तर काय ओव्या म्हणणार?

हिंदुरावानं टाकी उतरवून धुतली. परतीचा पाइप पार दुसऱ्या कोपऱ्यात, तळापर्यंत नेला. मध्ये भोकं पाडलेला पत्रा उभा केला. आलेलं डिझेल आधी पलीकडं शांत व्हायचं, मगच सावकाश अलीकडं यायचं.

जत्रेदिवशी गोदाक्काची जीप घाटमाथ्यावर पहिली पोचली. मागं बसलेला हिंदुराव उडी मारून नाचायलाच लागला. "बघितलंस माझं डोकं? अक्का, बघितलंस?"

अक्का म्हणाली, "पत्रा झकास बसवलास, हिंद्या. उरला असंल तर एक तुकडा तुझ्या कानाच्या आणि तोंडाच्या मध्येही बसव."

हिंदुरावानं या वेळी अक्काचं बोलणं पुरतं ऐकलं. मगच हसत तो जीपमध्ये चढला.

तात्पर्य: परत आलेलं डिझेल असो वा कानावर आलेला बोल, आधी निवू द्यावा, मगच कामाला लावावा.