रंगावर आवळलेली वायर

फार वर्षं झाली. एका गावी हणमंत मिस्त्रींचं गॅरेज होतं. तिथे एक गाडी आली, ती चालता चालता बंद पडायची. तिच्या इंजिनाचा कारभार बघणारा कंप्युटर कधी या सेन्सरवर दोष ठेवी, कधी त्या. मिस्त्रींनी दोन्ही सेन्सर बदलले, तरी गुण येईना.

"सेन्सर बिचारे चांगलेच होते. हा कंप्युटरच खोटारडा. उद्या भंगारात," मिस्त्री म्हणाले.

कंप्युटर रडवेला झाला. "मीटरदादा, मला जे दिसलं तेच सांगितलं हो मी."

"रडू नकोस. आधी तुझी अर्थिंग बघू दे," व्होल्ट मोजणारा मीटर म्हणाला. मिस्त्रींनी शेवटचं म्हणून त्याचं टोक लावलं, ते कंप्युटरला गाडीच्या पत्र्याशी जोडणाऱ्या काळ्या वायरला. काटा नको तिथे हलला.

"का गं, गप्प का बसलीस?" मीटरने विचारलं.

वायर हळूच म्हणाली, "दसऱ्याला गाडी रंगवली. माझ्या बोल्टाच्या जागीही रंग मारला आणि मला वरून आवळलं. तेव्हापासून पत्रा मला धड लागतच नाही, म्हणून कंप्युटरला सेन्सरांचे आकडे चुकीचे दिसतात. पण सगळे गाडीचं एवढं कौतुक करत होते, मी कुठे बोलू?"

मिस्त्रींनी तेवढा रंग खरवडला, बोल्ट आवळला, जुनेच सेन्सर परत बसवले. गाडी सुरू झाली, ती पुन्हा बंद पडली नाही.

"तुमच्यावर उगाच आळ घेतला," कंप्युटर सेन्सरांना म्हणाला.

"असू दे रे. तुझ्यावरही आलाच की."

आळ आलेल्याला आधी विचारून बघणारं एक माणूस देव प्रत्येकाच्या घरी देवो.