महाराजांच्या मोटारीची एकादशी

हरणटेकच्या उदाजी महाराजांची मोटार चढ चढेना! सपाटीवर कशीबशी चालायची, पण चढ दिसला की धापा टाकायची, मागून काळा धूर सोडायची आणि अर्ध्यातून मागे घसरायची. एकदा तर एक म्हैस रवंथ करत तिला मागे टाकून गेली आणि जाताना तिनं वळून पाहिलं, असं लोक सांगतात.

आणि पौर्णिमेला तर महाराजांना टेकडीवरच्या देवीला जायचं होतं. बाळराजांचा गोवर उतरला तेव्हा त्यांनी नवस बोलला होता, बाळाला मांडीवर घेऊन याच मोटारीतून, वाटेत न थांबता वर येईन.

शहरातून एक मेकॅनिक आला. उघडून बघतो म्हणाला, तर त्याला संस्थानाच्या हद्दीबाहेर पोचवण्यात आलं. मोटारीची रोज पूजा व्हायची आणि सोवळ्यातल्या महाराजांशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम होता. चालवणाऱ्यानं फक्त सुकाणूचं चाक धरायचं, तेही हातमोजे घालून.

मग महाराजांनी ड्रायव्हर येसबाला बोलावलं. "हात न लावता गाडी दुरुस्त कर. पौर्णिमेला ती वर गेली नाही, तर पुढं तुला जुंपून नेईन."

त्याच दुपारी सुतार येऊन येसबाच्या मानेचं माप घेऊन गेला.

येसबाची बायको सगुणा नेमधर्माची बाई. त्या दिवशी तिचा सोमवारचा उपवास होता. वरीचे तांदूळ निवडता निवडता तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, धूर कसला येतो? काळा, म्हणाला येसबा.

"माझी चूल राखेनं चोंदली की असाच काळा धूर ओकते. तिला वारा मिळत नसेल. खाते काय ती?"

"पेट्रोल," येसबा म्हणाला. मग जरा थांबून, "आणि लाडू."

झालं होतं असं. पाडव्याला महाराजांनी चालू मोटारीपुढे नैवेद्याचा लाडू धरला. बाजूला हवा ओढून घेणारी रुंद नळी होती. तिनं तो सुर्रकन आत ओढला! देवानं नैवेद्य घेतला म्हणून महाराजांचे डोळे भरून आले. तेव्हापासून रोज एक बेसनलाडू आत जाऊ लागला. मोटारीचा जोर कमी झाला तसं राजवैद्यांनी अशक्तपणा सांगितला आणि रोज पाच डिंकाचे लाडू सुरू झाले.

"मला वाटायचं, नैवेद्य देवाला पोचतो," येसबा म्हणाला.

"पोचतो की. पण ताट इथंच राहतं ना?"

सकाळी सगुणा राजवाड्यात गेली. लांबूनच तिनं पाहिलं. मुंग्यांची एक रांग चाकावरून चढून थेट नळीत शिरत होती. तिनं महाराजांना हात जोडले. "महाराज, गाडी अशक्त नाही. तिचं पोट गच्च झालंय. परवा एकादशी आहे, तिला उपवास घडवा."

महाराज विचारात पडले. स्वतः वर्षाला चाळीस उपवास करायचे, पण मोटारीचा परलोक त्यांच्या मनातच आला नव्हता! साबुदाणा चालेल का, असं त्यांनी विचारलं. सगुणा म्हणाली, निर्जळी करावी, पेट्रोलसुद्धा नको. आणि उपवासाआधी नळीचं तोंड आतून स्वच्छ धुवायला हवं. दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही, तेव्हा महाराजांनीच ते पुण्य घ्यावं.

दशमीला महाराज सोवळं नेसून बसले आणि त्यांनी नळीत कोपरापर्यंत हात घातला. आधी मुंग्या आल्या, मग अर्धा लाडू, मग लाडवांचा चिखल. शेवटी आतली हवा गाळायची जाळी निघाली, डिंकानं विटेसारखी घट्ट झालेली. दोन घमेली भरली. जाळी गरम पाण्यानं धुतली, एकादशीभर उन्हात वाळवली, द्वादशीला जागच्या जागी बसवली आणि मोटारीनं पेट्रोलवर उपवास सोडला.

पौर्णिमेला ती अशी सुटली की महाराजांची पगडी पहिल्याच वळणावर राहिली! ती म्हैस रस्ता सोडून शेतात पळाली. बाळराजे टाळ्या पिटत वर पोचले.

देवीचं दर्शन झालं आणि महाराज एकदम गंभीर होऊन सगुणाकडे वळले. ती मागून बैलगाडीनं आली होती आणि त्याच गाडीत येसबाच्या मापाचं जूही आणलेलंच होतं. "म्हणजे माझ्या नैवेद्यानं गाडी आजारी पडली, असं म्हणायचंय तुला?"

येसबानं मान चोळली.

"नैवेद्यात काही उणं नव्हतं, महाराज," सगुणा शांतपणे म्हणाली. "ते तिचं नाक होतं. ती श्वास घेत होती आणि आपण घास भरवत होतो."

"मग तिचं तोंड कुठंय? नैवेद्य ठेवायचा कुठं?"

सगुणानं येसबाकडे बोट दाखवलं. "हे काय, पहाटेपासून उपाशी उभं आहे. देवाचं ताट शेवटी माणूसच संपवतो ना? यांच्यापुढं ठेवून बघा. गाडीला पोचलं की नाही, ते चढावर कळेल."

महाराज इतके हसले की मांडीवरचे बाळराजे उडू लागले. सगुणाला त्यांनी हिरवं लुगडं आणि दुभती गाय दिली. जुवाचं लाकूड वाया जाऊ नये म्हणून त्याचा पाट करवला आणि त्यावर बसून येसबानं रोज सकाळी पाच डिंकाचे लाडू खावेत, असा हुकूम सोडला.

मोटार पुन्हा कधी चढावर अडली नाही. येसबा मात्र महिन्याभरात राजवाड्याच्या पायऱ्यांवर धापा टाकू लागला, तेव्हा सगुणानं त्यालाही एकादशी धरायला लावली.