न ऐकणारा झोपाळा

एकदा एका माणसाने संगणकाच्या पडद्यावर एक झोपाळा टांगला. माणूस चाळिशीच्या उंबरठ्यावरचा. बायको आणि मुलगी वर्षभरापासून वेगळ्या राहत होत्या, आणि घरात बोलायला म्हणून कुणी उरले नव्हते. रिकाम्या संध्याकाळी खायला उठतात, म्हणून तो एका निवृत्त प्राध्यापकांकडे प्रोग्रॅमिंग शिकायला जाऊ लागला. ते वृद्ध, आणि तेही एकटेच. गोष्टीच्या सोयीसाठी आपण त्यांना गुरू म्हणू आणि याला शिष्य.

शिष्याची नऊ वर्षांची मुलगी केतकी दर रविवारी दहा ते बारा त्याच्याकडे येई. येई म्हणजे आणून सोडली जाई. गेले कित्येक रविवार ती खिडकीशी बसून बाहेर बघत राही, आणि काय झाले विचारले तर "काही नाही" एवढेच म्हणे. त्या आठवड्यात तिच्या आईने फोनवर सरळ सांगितले, "या रविवारी पाठवते. त्यानंतर ती नको म्हणाली, तर मी जबरदस्ती करणार नाही." आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते शिष्याला अधिक लागले.

झोपाळा त्याने केला तो याचसाठी. झोपाळ्यावर लाल फ्रॉकमधली एक मुलगी, खाली 'थांब' आणि 'चल' अशी दोन बटणे, आणि वेग कमी-जास्त करायला एक सरकती पट्टी. केतकी बटणे दाबेल, झोपाळा तिचे ऐकेल, आणि मग ती कदाचित हसेल, असा सगळा बेत होता.

झोपाळा झुलला, आणि काय देखणा झुलला! फक्त तो कुणाचे ऐकेना. 'थांब' दाबले तरी थांबेना, पट्टी सरकवावी तर ती जागची हलेना. शिष्याने बटण जोरजोरात दाबून पाहिले, जणू बटणाला दरडावलेले कळते. शेवटी चौकटीच्या माथ्यावर अक्षरे उमटली : प्रतिसाद देत नाही. शनिवारी दुपारी शिष्य लॅपटॉप काखोटीला मारून गुरूंकडे धावला.

गुरूंनी झोपाळा पाहिला. प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत वाचला. मग लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला आणि ते बोलू लागले.

कॉलेजात पहिला संगणक आला तेव्हा त्याला वातानुकूलित खोली मिळाली आणि प्राध्यापक कसे व्हरांड्यात घामाघूम होत बसले, हे त्यांनी सांगितले. "सर, त्या बटणाचं..." शिष्य म्हणाला. गुरू तोवर गुडघेदुखीवर पोचले होते. शिष्याने घसा कोरडा पडला म्हणून पाणी मागितले, तर उपम्याचा रवा किती भाजावा हे निघाले. त्याने शाळकरी पोरासारखे बोट वर केले. त्याने पुन्हा एकदा बटणाचे विचारले. गुरू खिडकीबाहेर बघत परसातल्या पेरूच्या झाडाची हकीगत रंगवत होते. शिष्य हरला आणि खाली मान घालून स्वतःशीच पुटपुटला, "केतकीला मी नकोसा झालोय बहुतेक." पेरूला कीड लागली होती, तिचे वर्णन चालूच राहिले.

असा तास गेला. या गावात ज्याच्याशी दोन शब्द बोलावेत असे हे एकच दार होते, आणि आज तिथेही आपल्याला कुणी विचारत नाही, असे शिष्याला वाटले. तो उठला, लॅपटॉप उचलला आणि दारात जाऊन एका पायात चप्पल अडकवली.

"पाणी माठात आहे," गुरू मागून म्हणाले. "तू मघाशीच मागितलं होतंस. बटण का चालत नाही हे दोनदा विचारलंस, ते आता सांगतो. बोट वर केलंस तेव्हा काय विचारायचं होतं, ते तुलाच ठाऊक. आणि शेवटी म्हणालास, की केतकीला मी नकोसा झालोय. त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही रे. ते तिच्याजवळ आहे."

शिष्य एक पाय चपलेत, एक पाय फरशीवर, असा उभा राहिला. "म्हणजे तुम्ही ऐकत होतात?"

"कानावर पडत होतं. त्याला ऐकणं म्हणत नाहीत. ये, बस." गुरूंनी लॅपटॉप उघडला. "तू झोपाळ्याला सांगितलंस, एक चित्र काढ, पूस, पुढचं काढ, आणि हे कधीही थांबवू नकोस. त्याने ते इमानाने केलं. कुणी बटण दाबलं की ती हाक रांगेत जाऊन उभी राहते. पण रांगेकडे बघायची फुरसत तू त्याला ठेवलीच नाहीस. तो तुला टाळत नाही. मघाशी मी तरी कुठे टाळत होतो? मी आपला बोलत होतो, आणि किती छान बोलतोय असंच मला वाटत होतं. एक चित्र काढावं, हात रिकामे करावेत आणि बघावं, कुणी हाक मारली का? मारली असेल तर आधी ती, मग पुढचं चित्र. झोपाळा तितकाच सुरेख दिसतो."

त्यांनी लॅपटॉप शिष्याकडे सरकवला. "रांगेतल्या हाका बराच काळ टिकतात. पण हाक मारणारा उठून गेला, तर त्या कुणाच्या कामाच्या? तू दुसरी चप्पल घातली असतीस, तर मी ही उत्तरं भिंतीला दिली असती. या भिंतीशी माझं बरंच बोलणं झालंय. फार उशिरा शिकलो मी हे."

दुरुस्ती चार ओळींची होती. शिष्याने ती तिथेच केली, पाणी प्यायला आणि निघाला.

वाटेत त्याला आपले रविवार आठवले. दोन तास पुरत नाहीत म्हणून त्याने ते गच्च भरून टाकले होते. हे पुस्तक बघ, हे खा, अभ्यास कसा चाललाय, छान ना, वाटलंच मला. प्रश्नही त्याचे आणि उत्तरेही त्याचीच. क्षणभर शांतता झाली की त्याला भीती वाटे, म्हणून तो ती होऊच देत नसे. मधेच कधीतरी केतकी म्हणालेली असे, "बाबा, ऐक ना," आणि तो म्हणालेला असे, "हो हो, आधी हे बघ." तिला काय सांगायचे होते ते त्याने आठवून पाहिले. आठवेना, कारण ते त्याने ऐकलेच नव्हते. भर रस्त्यात त्याला रडू आले.

रविवारी केतकी आली. त्याने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला आणि बाजूला बसला. तिने 'थांब' दाबले, झोपाळा थांबला. 'चल' दाबले, निघाला. हा कसा केला हे सांगायचे त्याच्या अगदी ओठांवर आले होते, ते त्याने गिळले. किती तरी वेळ दोघांत एक शब्द झाला नाही. ती शांतता त्याला सोसवेना, तरी तो गप्प बसून राहिला.

"बाबा," पडद्यावरची नजर न काढता केतकी म्हणाली, "माझी शाळा बदललीय."

"कधी?"

"जूनमध्ये. मी तुला तीनदा सांगत होते."

सबबी पुष्कळ होत्या. "चुकलं माझं," एवढेच तो म्हणाला.

मग हळूहळू सगळे आले. नवी बस उलटीकडून जाते. शेजारची मुलगी न विचारता खोडरबर घेते. मधल्या सुट्टीत सगळ्या घोळक्याने बसतात, आणि ही डबा घेऊन नळाजवळच्या पायरीवर एकटीच बसते. शिष्याला आपले रोजचे जेवण आठवले. या घरातले एकटेपण आपल्या एकट्याचे नाही, एवढीशी पोर कितीतरी दिवस तेच सोसते आहे, हे त्याला त्या क्षणी कळले.

बारा वाजले. खालून तिच्या आईच्या स्कूटरचा हॉर्न वाजला. तो सवयीने तिची पिशवी आणायला उठला.

"आईला सांग ना, जरा वेळाने ये म्हणावं," केतकी म्हणाली. "माझं अजून सांगून व्हायचंय."

त्याने खिडकीतून खाली तसे सांगितले, आणि परत येऊन तिच्यासमोर बसला.