मागचं वल्हं

“…पण माई, होडी सरळ का जात नाही, एवढं तरी सांगा!”

गुडघाभर चिखलात उभा राहून जयवंत विचारत होता. माई मठाच्या पायरीवर शेवग्याचा पाला निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मठ खाडीच्या अगदी काठावर. जयवंत माईंचा जुना शिष्य, दर वर्षी येणारा. यंदा बायकोमुलीलाही सहलीला म्हणून घेऊन आला होता. खरं कारण वेगळंच होतं. मुलगी, मनवा, शिकायला लांबच्या शहरात निघाली होती. ‘एवढ्या लांब कशाला?’ म्हणून यानं आकांडतांडव केलं आणि पोरीनं तोंडाला कुलूप लावलं. सोमवारी ती जाणार. त्याआधी एकदा तरी आपल्याशी नीट बोलावी, म्हणून बापाचा जीव तुटत होता.

म्हणून त्यानं दोघांनी वल्हवायची कयाक, म्हणजे अरुंद होडी, भाड्यानं आणली. दोघांनीही जन्मात कधी वल्हं हातात धरलं नव्हतं. पण साहेबांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले होते ना! झालं मग.

मनवा पुढे, हा मागे.

“डावीकडून! अगं, डावीकडून! जोर लाव!”

होडी जागच्या जागी गरगर फिरत राहिली. काठावर बायकोची हसून हसून पुरेवाट झाली. शेवटी मनवानं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं.

“बाबा, मला पाठीला डोळे नाहीत.”

महिन्याभरात तेवढंच बोलली. होडी कशीबशी काठाला लागली, तरी ती तशीच पाण्याकडे तोंड करून बसून राहिली.

“मागे कोण बसतं?” माईंनी विचारलं.

“मी. ज्याला येतं त्यानं मागे बसायचं असतं.”

“तुला येतं?”

“…म्हणजे, येत नाही. पण…”

“आण ते वल्हं इकडे.”

आता माई काहीतरी युक्ती दाखवणार, म्हणून जयवंतनं लगबगीनं वल्हं पुढे केलं. सुपातला पाला वाऱ्यानं उडत होता. माईंनी वल्हं सुपावर आडवं ठेवलं.

“हं. जा आता.”

“वल्ह्याशिवाय?”

“तिच्याकडे आहे की.”

“मग मी काय करू?”

“बस.”

त्याला काही उमगेना. पण माईंपुढे कधी कुणाचं चाललंय? मुकाट्यानं जाऊन बसला.

मनवानं वल्हं मारलं. होडी उजवीकडे वळली. सांगायचं याच्या अगदी ओठांवर आलं, हात शिवशिवले… पण सांगणार कुठल्या तोंडानं? हातात वल्हंच नव्हतं. होडी डावीकडे गेली, पुन्हा उजवीकडे. मग हळूहळू, वेडीवाकडी का होईना, पुढे सरकू लागली.

काठ मागे पडला. पाण्याचा चुबूकचुबूक आवाज तेवढा येत होता.

“बाबा?”

जयवंत तिच्या वल्ह्याकडे बघण्यात गुंतला होता.

“बाबा, आहेस ना?”

“आहे.”

तिनं आणखी दोनदा वल्हं मारलं. मग पुढेच बघत म्हणाली, “मला पण भीती वाटतेय रे तिकडे जायची.”

आणि मग बोलतच राहिली.

परत आल्यावर ती धावत आईकडे गेली. जयवंत पायरीशी येऊन उभा राहिला. डोळे ओले, चेहरा पार गोंधळलेला.

“माई, हे काय झालं? मला काही कळतच नाही.”

“काय झालं?”

“शिकवत होतो तेव्हा होडी हलेना. नुसता बसलो, तर पार पलीकडच्या काठापर्यंत गेली. ती बोलली, माई! ‘आहेस ना’ म्हणाली, मी ‘आहे’ म्हटलं, बास. आणखी काही केलं नाही मी. असून नसल्यासारखाच होतो की त्या होडीत!”

माईंनी सुपावरचं वल्हं उचलून त्याच्या हातात दिलं.

“मग ‘आहे’ म्हणालं कोण?”