हरबाचं पिस्तूल आणि मळाईचा मुखवटा

टेंभूरवाडी म्हणून एक गाव होतं आणि त्या गावात हरबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे सांगितल्या शब्दाला जागणारा. त्याला कुणी "जरा थांब" म्हटलं की तो थांबायचा, आणि म्हणणारा पुढे "आता चल" म्हणायला विसरला, तर दिवस मावळेपर्यंत तिथेच उभा असायचा. गावाला त्याची सवय झाली होती. त्याच्या बायकोला, मंजुळेला मात्र झाली नव्हती. लग्नाला सतरा वर्षं होऊनही ती आशा धरून होती.

गावची देवी मळाई. तिचा चांदीचा मुखवटा जत्रेआधी पंधरा दिवस मानकऱ्याच्या घरी येऊन राहायचा. मान एकोणीस घरांत फिरायचा, म्हणजे एकदा पाळी होऊन गेली की पुन्हा एकोणीस वर्षांनी. जत्रेच्या दिवशी त्या घरच्या सुनेने नदीचं पाणी आणायचं, मुखवट्याला अंघोळ घालायची आणि तो डोक्यावर घेऊन वाजतगाजत देवळात जायचं. मागच्या पाळीला हरबाची आई गेली होती. यंदा मंजुळेची पाळी होती. पुढच्या खेपेला गुडघे चालतील की नाही कोण जाणे, असं ती म्हणायची, आणि हिरव्या लुगड्याची घडी रोज उघडून पुन्हा तशीच घालायची. मुखवट्याला काही झालं तर त्या घराचा मान कायमचा जायचा. गावचा नियमच होता तसा.

बाकीच्या अठरा घरांनी मुखवटा कसा राखला? बाहेर जाताना दाराच्या कडीत एक काडी खुपसायची आणि शेजारणीला सांगायचं, "जरा लक्ष असू द्या." झाली राखण.

पण हरबाला एक मामा होता. दिनकरमामा शहरात एका बंगल्याच्या फाटकावर वीस वर्षं बसून आला होता. वीस वर्षांत तिथे काहीच घडलं नव्हतं. त्यामुळे कधी ना कधी घडणारच, अशी त्याची पक्की खात्री झाली होती.

"भाच्या, चांदी घरात म्हणजे चोर दारात," मामा म्हणाला. "हत्यार पाहिजे."

मामाने वर्षभर खटपट करून हरबाला पिस्तुलाचा परवाना काढून दिला. अर्जात 'हत्यार कशासाठी हवे' अशी एक जागा होती. तिथे हरबाने लिहिलं, 'मामा म्हणाले म्हणून.' तरी परवाना मिळाला. कसा मिळाला, ते देणाऱ्यांनाच ठाऊक.

पिस्तूल हातात देताना मामाने बजावलं, "हे कायम अंगावर ठेवायचं. आणि कुणाला दिसू द्यायचं नाही."

मुखवटा घरी आला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी दळण संपलं. हरबा पिस्तूल कमरेला खोचून निघाला.

"अवं, चांदी घरात आन पिस्तूल तुमच्या कमरंला," मंजुळा म्हणाली. "तुमी गिरणीत गेलासा की हितं राखणीला काय ऱ्हातंय?"

"काडी," हरबा म्हणाला.

"मग पिस्तूल ठिवून जावा की. दळणाला कशाला लागतंय ते?"

हरबा विचारायला मामाकडे गेला. मामा म्हणाला, "वेळ काय सांगून येते?" हरबाने परत येऊन हे मंजुळेला जसंच्या तसं सांगितलं.

"दळणाची वेळ मला ठावं हाय," ती म्हणाली. "चार वाजता गर्दी नसती. जावा."

हरबा निघाला. जोंधळ्याचं पोतं डोक्यावर. पोतं धरायला हात वर केले की सदरा वर जायचा आणि पिस्तूल दिसायचं. हात खाली घेतले की पोतं पडायचं. वाटेत चिंचेखाली थांबून त्याने बराच विचार केला आणि पिस्तूल जोंधळ्यात पुरलं. पोतं डोक्यावर होतं, डोकं अंगावर होतं, आणि पिस्तूल कुणालाच दिसत नव्हतं. मामाचा शब्द राहिला.

शिवाप्पा गिरणीवाल्याने पोतं उचललं आणि गिरणीत ओतलं. खडखडाट झाला, पट्टा निसटला, गिरणी बंद पडली. शिवाप्पाने आत हात घातला आणि पिस्तूल बाहेर काढलं. त्या वेळी त्यात गोळ्या होत्या. हे नंतर कळलं, तेव्हा शिवाप्पा दोन दिवस अंथरुणात पडून होता.

"हरबा, लेका, असं धान्यात लपवत्यात व्हय?" तो म्हणाला. "आल्या आल्या म्होरं ठिवायचं. आन खणखणीत सांगायचं, माझ्याकडं पिस्तूल हाय म्हणून."

"चुकलं," हरबा म्हणाला. "आता तसंच करतो."

घरी मंजुळेने आधी पिस्तुलातल्या गोळ्या काढून घेतल्या आणि मिसळणाच्या डब्यात, हळदीच्या वाटीमागे ठेवून दिल्या. परवाना तर पहिल्यापासून मामाच्याच ट्रंकेत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरबा डेअरीवर दूध घालायला गेला. रांग होती. हरबाचा नंबर आला. त्याने किटली खाली ठेवली, पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "माझ्याकडं पिस्तूल हाय."

रंगराव डेअरीवाल्याने पिस्तुलाकडे पाहिलं, हरबाकडे पाहिलं. दुधाकडे त्याने पाहिलंच नाही. त्याने दुधाचा भाव ज्यावर ठरतो ते फॅट लिहिलं, नऊ. गाईच्या दुधाला नऊ फॅट टेंभूरवाडीत कधी लागलं नव्हतं, आणि हरबाची गाय तर तशी पाण्यावरच गेलेली.

"पुरं का?" रंगरावने विचारलं.

"पुरं किती आसतंय?" हरबाने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. रंगरावने घाईने नऊचं अकरा केलं.

हरबाच्या मागे एक म्हातारी होती. ती आपलं दूध घेऊन गुपचूप घरी गेली आणि तिने त्याचं खरवसासारखं काहीतरी केलं.

पुढच्या वेळी हे नको म्हणून रंगराव हात जोडून म्हणाला, "हरबा, हत्यार असं उघडं आणू नगो बाबा. त्याला कातड्याचं म्यान घे. म्यानात घालून, झाकून फिर."

"आता तसंच करतो," हरबा म्हणाला. मामाकडे कातड्याचं म्यान होतंच. बंगल्यावरून येताना त्याने आणलेली तेवढी एकच वस्तू.

मंगळवारी हरबा देवळात गेला. एका हातात नारळ, कमरेला म्यान. सखा गुरव दारातच होता.

"कातडं आत चालत न्हाई," गुरव म्हणाला. "कातड्याचं आसल ते भाईर ठिव."

हरबाने चपला काढल्या. मग म्यान काढलं, ते चपलांशेजारी नीट ठेवलं, आणि उघडं पिस्तूल एका हातात, नारळ दुसऱ्या हातात घेऊन तो गाभाऱ्यापर्यंत गेला. आत सहा बायका ओटी भरत होत्या. पुढच्या क्षणी नुसत्या ओट्या होत्या. गुरव देवीच्या मागे जाऊन बसला. हरबाने नारळ पुढे केला. तो घ्यायला कुणी येईना, म्हणून तो तसाच हात लांब करून उभा राहिला. बराच वेळ.

शेवटी देवीच्या मागून आवाज आला, "हरबा, ऐक. दुसरीकडं कुटं गेलास, तर दारात जो माणूस उभा आसल, त्याच्या हवाली करायचं हत्यार. मग आत पाऊल टाकायचं. कळलं?"

"कळलं," हरबा म्हणाला. "नारळ कुणाच्या हवाली करू?"

त्या दिवशी मंजुळा मामाच्या घरी जाऊन ठामपणे उभी राहिली. "मामा, तुमच्या पिस्तुलापायी गावात माणसं आमाला बगून वाट बदलायला लागली. आजपातूर काय बी बिघडलं नव्हतं. जे बिघडलं ते पिस्तूल आल्यावर. घ्या तुमचं परत."

"सूनबाई, हत्यार असलं की माणूस निर्धास्त असतो," मामा म्हणाला.

"कोण? हे तर आधीपास्नंच निर्धास्त हायती."

मामाने ऐकलं नाही. ज्याने वीस वर्षं फाटक राखलं, त्याला एका बाईने राखण शिकवावी, हे त्याला पटेना.

जत्रेच्या आदल्या दिवशी चावडीत बैठक होती. बंदोबस्तासाठी आलेले हवालदार दारात उभे होते. हरबा आला, राम राम म्हणाला आणि त्याने पिस्तूल हवालदारांच्या हाती दिलं. हवालदारांनी ते घेतलं, मग आपण काय घेतलंय ते पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरकले.

"परवाना?"

"मामाच्या ट्रंकेत."

"गोळ्या?"

"हळदीच्या वाटीमागं."

हवालदारांनी परवाना मागवला, गोळ्या मागवल्या. गोळ्या पिवळ्या झाल्या होत्या. त्यांनी कागद तीनदा वाचला. कागदात खोट नव्हती, ही त्यांची मोठी अडचण झाली. शेवटी त्यांनी सगळं हरबाच्या पुढ्यात ठेवलं.

"हे बघा हरबा, एक लक्षात ठेवा. पिस्तूल एकाकडे, गोळ्या दुसऱ्याकडे, परवाना तिसऱ्याकडे, असं चालत नाही. तिन्ही एकाच माणसापाशी पाहिजेत. नाहीतर गुन्हा होतो."

हरबाने गुन्हा कधी केला नव्हता. तो घाबरला. त्याने गोळ्या उपरण्याच्या टोकाला गाठ मारून बांधल्या, परवाना टोपीत घातला आणि पिस्तूल कमरेला खोचलं. गोळ्या पिस्तुलात घाल, असं काही हवालदार म्हणाले नव्हते.

जत्रेचा दिवस उजाडला. दुपारी मंजुळा हिरवं लुगडं नेसून बायकांबरोबर नदीवर पाणी आणायला गेली. जाताना हरबाला म्हणाली, "वाजंत्री आणाय देवळात जावा, आन लगीच माघारी या. आज तरी कुणाचं काय ऐकू नगासा."

हरबाने कडीत काडी खुपसली. शेजारीण जत्रेला गेली होती, तेव्हा "लक्ष असू द्या" असं तो तिच्या बंद दाराला सांगून गेला. वाजंत्रीवाले चहा पीत होते. पिऊन झाला की येतो म्हणाले. हरबा एकटाच माघारी आला.

त्याच्या दारात एक अनोळखी माणूस उभा होता. काडी खाली पडली होती. माणसाच्या पायाशी एक पोतं होतं. हरबाला पाहून तो जागच्या जागी थिजला.

दार हरबाचंच होतं. पण दार कुणाचं, याबद्दल गुरव काही बोलला नव्हता. दारात माणूस उभा होता, एवढं खरं. हरबाने पिस्तूल काढलं. त्या माणसाने दोन्ही हात वर केले.

"हात खाली घ्या," हरबा म्हणाला. "हे धरा."

"मी?"

"दारात तुमीच हायसा न्हवं?"

माणसाने पिस्तूल धरलं. मग त्याच्या जिवात जीव आला. "पावणं, पोत्याला जरा हात लावता का?" त्याने विचारलं.

ओझं उचलायला कुणी हात मागितला, तर नाही म्हणायची टेंभूरवाडीची रीत नाही. हरबाने हात लावला. पोतं डोक्यावर चढलं. हरबा आत गेला. देव्हारा रिकामा होता.

हरबा परसातून उडी मारून देवळात धावला. "मुखवटा चोरीला गेला," तो धापा टाकत म्हणाला. "पर घाबरू नगासा. दारात एक माणूस हाय. त्याच्याकडं मी पिस्तूल देऊन आलोय."

देवळात जमलेल्यांत पहिल्यांदा मामाच मटकन खाली बसला.

गावाची वाट एकच, आणि ती देवळापुढून जाते. लोक काठ्या घेऊन बाहेर पडले, तोच समोरून तो माणूस आला. डोक्यावर पोतं, हातात पिस्तूल. दोनशे माणसं दोन्ही बाजूंच्या भिंतींना चिकटली. वाजंत्रीवाल्यांचा चहा हातातच राहिला. हवालदारांकडे काठी होती. ती त्यांनी पाठीमागे धरली.

नदीकडून मंजुळा आली, डोक्यावर भरली घागर. तिला सांगावं लागलं नाही. पोत्याच्या आकारावरूनच तिने देवी ओळखली. सतरा वर्षं जिची वाट पाहिली, ती मळाई जोंधळ्यासारखी पोत्यात भरून तिच्या डोळ्यांदेखत चालली होती, आणि दोनशे माणसं भिंतीला टेकून बघत होती. तिला रडू आलं, तरी ती वाटेतून हलली नाही.

"पोतं खाली ठिव," ती म्हणाली.

माणसाने पिस्तूल तिच्यावर धरलं. सखा गुरवाने तिला हाताला धरून बाजूला ओढलं. घागर फुटली. माणूस पुढे चालू लागला.

तेवढ्यात हरबा गर्दीतून पुढे आला आणि मोठ्याने म्हणाला, "अवं, थांबा. त्या पिस्तुलात गोळ्या न्हाईत."

माणूस थांबला. सगळा गाव थांबला. मग हळूहळू लोकांच्या ध्यानात आलं. भिंतींपासून पाठी सुटल्या. हवालदारांची काठी पुढे आली. मंजुळेने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे पाहिलं. सतरा वर्षांत तिने त्याच्याकडे तसं पाहिलं नव्हतं.

पण हरबा सगळ्यांच्या आधी पोहोचला होता. त्याने उपरण्याची गाठ सोडली, गोळ्या त्या माणसाच्या हातात मोजून दिल्या आणि त्या भरून होईपर्यंत पोतं सावरून धरलं. मग टोपीतला परवाना काढून त्याच्या खिशात नीट सरकवला, आणि वळून म्हणाला,

"हवालदारसायेब, बगून घ्या. तिन्ही एकापाशीच हायती."