हिरड्यावरची दोन दगडफुलं

“...आणि यातलं वाचवायचं कोणतं, सांगा बघू बुवा?”

विचारणारे डॉक्टर विश्राम केळुसकर. माणसांचे नव्हेत, वनस्पतींचे. समोर देवराई राखणारे धाकोजीबुवा, आणि दोघांच्या मधे एक म्हातारा हिरडा. त्याच्या खोडावर दगडफुलाचे दोन राखाडी पापुद्रे शेजारी शेजारी चिकटलेले.

बुवा म्हणाले, मला तर बाबा दोन्ही सारखीच दिसतात.

डॉक्टरांना हेच तर हवं होतं. त्यांनी भिंग पुढं केलं. एकाच्या कडेला बारीक काळे केस, दुसऱ्याची कड साफ. सख्खी भावंडंच म्हणा. पण केसाळ दगडफूल अख्ख्या डोंगरात फक्त इथं उरलेलं, आणि साफ कडेचं जाल तिथं. हा फरक ओळखणारा जिल्ह्यात एकच माणूस आहे, हे सांगताना गड्याची छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं कशीबशी टिकली. आणि का फुगू नये? तीस वर्षं घासली होती त्यांनी या कामात.

आता सरकारी अहवालात दोन शब्द लिहायचे, की झालं. केसाळ दगडफुलापुढं ‘दुर्मिळ’, म्हणजे त्याला कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्यापुढं ‘मुबलक’. मग मसालेवाले ते खुशाल खरवडून नेणार.

बुवा उठले. डॉक्टरांचा हात धरून त्यांना पलीकडच्या आंब्यापाशी घेऊन गेले... आणि त्यांचा तळवा खोडावर टेकवला.

“लागतंय काही हाताला?”

“नाही. नुसती साल आहे.”

“कॉलेजात होतास तेव्हा याच्यावरचं सगळं पोत्यात भरून नेलंस. मी आडवा आलो, तर कागद दाखवलास मला.”

डॉक्टरांना तो कागद आठवला. ‘केसाळ दगडफूल’, आणि पुढं त्यांच्याच अक्षरात ‘मुबलक’.

हात खोडावर तसाच राहिला. लाज वाटली त्यांना, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

मग त्यांनी अहवाल उघडला. केसाळ दगडफुलापुढं ‘दुर्मिळ’ लिहिलं. दुसऱ्यापाशी पेन थांबलं...

“याच्यापुढं काय लिहू, बुवा?”

“लिही, आज आहे.”