फक्कीचं घर

गेल्या साली वरच्या वाडीवर दरड कोसळली, म्हणून गावच्या नाट्यमंडळाने यंदा त्यावरच नाटक बसवलं. नेपथ्य सुगंधा पालवकडे होतं. तिने रंगमंचावर पांढऱ्या फक्कीने तीन खोल्यांचं घर आखलं, दारापुरती जागा मोकळी सोडली आणि बस्स. दरडीनंतर पंचनाम्याला आलेल्यांना वाडीतल्या लोकांनी आपापली घरं अशीच आखून दाखवली होती.

तापाने फणफणलेली स्वतःची पोर खांद्यावर आणि दोन दिवस वाकून काम. तिची कंबर मोडून आली होती. एवढ्यात मंडळाचे अध्यक्ष अण्णा खोत चपलांसकट रंगमंचावर चढले.

"हे काय गं? घर कुठाय यात? पुसून टाक सगळं. संध्याकाळी आपला दिवाणखान्याचा पडदा लावू."

दरडीच्या नाटकाला झुंबरं रंगवलेला पडदा! वाडीची माणसं बघायला येणार होती. पण भांडायचंही त्राण सुगंधाला उरलं नव्हतं. ती रेघांच्या आत जाऊन बसली आणि म्हणाली, "या ना अण्णा, आत या. बसून बोलू."

अण्णा तणतणत तिच्याकडे निघाले. रेघेला वळसा घालून दाराशी आले, चपला काढल्या आणि आत येऊन मांडी घालून बसले.

"घर नाही म्हणता," सुगंधा हळूच म्हणाली, "मग भिंतीतून सरळ का नाही आलात? आणि चपला कुणाच्या दारात काढल्यात?"

अण्णांनी वळून चपलांकडे पाहिलं.

"पडदा राहू दे पेटीत," उठता उठता ते म्हणाले. "आणि पोरीला आतल्या खोलीत निजव. इथं दारात वारा लागेल तिला."